मिकुल्चित्से: मोरावा नदीतला भुईकोट वर कसा आला आणि ओस का पडला

मोरावाकाठ:
दुसऱ्या एका धाग्यावर मी मिकुल्चित्सेचा उल्लेख केला होता तेव्हा दोघातिघांनी 'वेगळा धागा काढ' म्हणून सांगितलं, तर हा घ्या. लांबलाय, चहा घेऊन बसा.

झेक प्रजासत्ताकाच्या पार दक्षिणेला, स्लोव्हाकियाच्या सीमेला खेटून, होदोनीन गावाजवळ मोरावा नदीच्या जंगलात ही जागा आहे. गवताळ माळ, कडेने ओकची झाडं आणि जमिनीवर आखून ठेवलेले चर्चचे पाये, एवढंच दिसतं. पण नवव्या शतकात मध्य युरोपात स्लाव्ह लोकांचं जे मोठं राज्य उभं राहिलं, ज्याला ग्रेट मोराव्हिया म्हणतात, त्याच्या मोजक्या मुख्य ठाण्यांपैकी हे एक, आणि बऱ्याच अभ्यासकांच्या मते सगळ्यात महत्त्वाचं.

तेव्हा मोरावा एका पात्रातून वाहत नव्हती, तिचे अनेक फाटे होते आणि मधे मधे वाळूचे उंचवटे. अशाच उंचवट्यांवर सहाव्या-सातव्या शतकापासून वस्ती, आठव्या शतकात हलकीशी तटबंदी. त्या थरात घोडेस्वाराच्या टाचेला लावायचे लोखंडी काटे भरपूर सापडलेत, म्हणजे तिथे कोण राहायचं याचा अंदाज येतो, नांगर धरणारे नव्हेत. शेजारी अवार या भटक्या घोडेस्वार लोकांचं राज्य होतं ते फ्रँकांचा (तेव्हाच्या फ्रान्स-जर्मनीवर राज्य करणारे) राजा शार्लमेन याने ७९० च्या दशकात मोडलं आणि मधली जागा मोकळी झाली. ८२२ साली फ्रँकांच्या दरबारात नजराणे घेऊन आलेल्या वकिलांमध्ये मोराव्हियन लोकांचं नाव पहिल्यांदा येतं. मग मोयमीर राजा, त्याने साधारण ८३३ मध्ये नित्राचा (आजच्या स्लोव्हाकियातलं) सरदार प्रिबिना याला हाकललं, मग ८४६ मध्ये पूर्व फ्रँकांचा राजा 'जर्मन' लुई याने मोयमीरचा पुतण्या रास्तिस्लाव गादीवर बसवला, आपला माणूस राहील म्हणून. राहिला नाही. ८५५ मध्ये लुई फौज घेऊन आला आणि काही न साधता परत गेला.

किल्ला खरा फोफावला तो याच काळात. बालेकिल्ला आणि त्याला लागून परकोट, मिळून १० हेक्टरच्या आसपास, बाहेर उंचवट्यांवर पेठा आणि वाड्या. तट म्हणजे लाकडी सांगाडा, आत माती ठोकून भरलेली, बाहेरच्या अंगाला दगडी भिंत. पूरमैदानात दगड मिळत नाही हो, सगळा बाहेरून आणलेला, इतका दगड वाहून आणायला किती हात राबले असतील ते बघा. नदीच्या फाट्यांवर लाकडी पूल होते आणि पुलाखालच्या गाळात एका ओंडक्यातून कोरलेल्या होड्या सापडल्या. आतमध्ये दगडी वाडा आणि चर्च. योसेफ पोउलीकने १९५४ मध्ये खोदायला घेतलं आणि पुढे बाराएक चर्च मोजली, त्यातल्या काहींबद्दल आता शंका घेतात, पण नऊदहा तरी नक्की. सगळ्यात मोठं तीन दालनांचं, जवळपास ३५ मीटर लांब. एक गोल चर्च, त्याला समोरासमोर दोन अर्धगोल कोनाडे आणि आत भिंतीवर रंगकाम. थडगी अडीच हजारांच्या आसपास, त्यात तलवारी, सोन्याचांदीचे कानातले डूल, आणि सोन्याचा मुलामा दिलेली पोकळ गोल बटणं ज्यांना तिकडे गोम्बीक म्हणतात. लहान मुलांच्या थडग्यातसुद्धा अशी बटणं आणि घोडेस्वाराचे काटे, म्हणजे मान जन्मावरून मिळायला लागला होता.

आणि मग दहाव्या शतकाच्या सुरुवातीला हे सगळं संपलं. साधारण शंभर वर्षांत उभं राहिलं आणि एका पिढीत मोडलं. नेहमीचं उत्तर 'मग्यार (हंगेरियनांचे घोडेस्वार पूर्वज) आले आणि जाळलं' असं असतं. माझं मत थोडं वेगळं आहे पण आधी तुमचं ऐकू.

चहाबाज:
वाचनखूण साठवली. भारी लिहिलंय. एक विचारतो, हा रास्तिस्लाव म्हणजे सिरिल-मेथोडियसना बोलावणारा तोच ना?

मोरावाकाठ:
हो तोच. बव्हेरियाचे (फ्रँकांच्या ताब्यातला दक्षिण जर्मनीचा भाग) बिशप त्याच्या राज्यात धर्माच्या नावाने हात घालत होते, म्हणून त्याने बायझंटाइन (कॉन्स्टँटिनोपलच्या) सम्राट तिसऱ्या मायकेलकडे माणसं मागितली आणि ८६३ मध्ये हे दोघे धर्मप्रसारक भाऊ आले. येताना स्लाव्ह भाषेसाठी लिपी घेऊन आले. या मायकेलचं सोन्याचं नाणं मिकुल्चित्सेच्या थडग्यात सापडलंय. एरवी नाणी जवळजवळ नाहीतच तिथे. व्यवहारात कुऱ्हाडीच्या आकाराचे लोखंडी पट्टे वापरायचे, झिजलेली कुऱ्हाड नाही, मुद्दाम तशाच घडवलेल्या आणि ढिगाने पुरून ठेवलेल्या.

तटबंदी_प्रेमी:
इतक्या पाण्यात किल्ला म्हणजे शत्रूला खंदक ओलांडायचा की नदी, हेच कळणार नाही. फ्रँक लोकांच्या बखरीत या किल्ल्याबद्दल काही आहे का?

मोरावाकाठ:
आहे आणि मजेशीर आहे. फुल्डाच्या बखरीत (फ्रँकांच्या वर्षावार नोंदी) ८६९ च्या नोंदीत लिहिलंय की जर्मन लुईचा मुलगा कार्ल फौज घेऊन रास्तिस्लावच्या 'अवर्णनीय, जुन्या सगळ्या किल्ल्यांहून वेगळ्या' तटापाशी पोचला. नाव नाही दिलं मेल्यांनी! त्यामुळे तो मिकुल्चित्से की मोरावाकाठचंच दुसरं ठाणं स्तारे म्येस्तो यावर लोक अजून भांडतात.

पण खरी गोष्ट पुढच्या दोन वर्षांतली. ८७० मध्ये रास्तिस्लावच्या पुतण्याने, स्वातोप्लुकने, परस्पर लुईच्या थोरल्या मुलाशी, कार्लोमानशी, संधान बांधलं. रास्तिस्लाव त्याला मारायला टपला तर यानेच त्याला पकडून जर्मनांच्या हवाली केलं, त्यांनी त्याचे डोळे काढले आणि मठात टाकलं. मग कार्लोमानला स्वातोप्लुकचाही संशय आला, त्याला कैदेत घातलं. इकडे मोराव्हियन लोकांना वाटलं हा मेला, म्हणून त्यांनी स्लावोमीर नावाच्या त्याच्या नात्यातल्या पाद्र्याला धरून राजा केलं आणि बंड उभारलं. ८७१ मध्ये कार्लोमानने स्वातोप्लुकला सोडलं, वर बव्हेरियाची फौज देऊन बंड मोडायला पाठवलं. हा पठ्ठ्या 'रास्तिस्लावच्या जुन्या शहरा'पाशी आला, बोलणी करतो म्हणून आत गेला, आणि आतून मोराव्हियन फौज घेऊन बाहेर पडला ते थेट बेसावध पडलेल्या बव्हेरियनांच्या छावणीवर. कत्तल आणि कैदी, दुसरं काही उरलं नाही.

त्याच वर्षी बोहेमियाहून (आजच्या झेक प्रजासत्ताकाचा पश्चिम भाग) नवरीची वरात घेऊन येणाऱ्या मोराव्हियनांवर फ्रँकांनी छापा घातला, वऱ्हाड जीव घेऊन पळालं आणि ६४४ घोडे खोगीर-लगामासकट आणि तितक्याच ढाली मागे राहिल्या. वरातीत साडेसहाशे घोडेस्वार! यावरून या लोकांकडे काय दौलत होती ते समजा.

चहाबाज:
बाप रे. वेबसिरीजवाल्यांचं लक्ष कसं नाही गेलं.

वरी_तांदूळ:
माझा प्रश्न साधा आहे. नदीतल्या बेटावर हजारदोन हजार माणसं आणि तेवढी जनावरं, खायचे काय? आतमध्ये शेती तर होणार नाही.

मोरावाकाठ:
ताई, सगळं याच प्रश्नावर येऊन थांबतं. माणसांचा आकडा साधारण हजार ते दोन हजार असाच धरतात. हाडांच्या रासायनिक तपासणीत वरीच्या जातीचं भरड धान्य बऱ्यापैकी खाल्लेलं दिसतं (तुमच्या भगरीची चुलत बहीण), गहू होता, डुकरं गाई होत्या, नदीच्या गाळात द्राक्षाच्या आणि पीचच्या बियासुद्धा मिळाल्यात. पण गड स्वतः पिकवत नव्हता. आसपासच्या वाड्यांवरून धान्य यायचं, म्हणजे ते आणवायला राजाचा धाक लागायचा. सैनिक, सोनार, लोहार, पाद्री हे सगळे त्याच धान्यावर. आणि सरदारांना खूष ठेवायला लागणारी चांदी, कापड, तलवारी याला लूट, खंडणी आणि गुलामांचा व्यापार. स्वातोप्लुकने पुढे बोहेमिया, विस्तुला नदीकडचा (आजच्या पोलंडमधला) प्रदेश, हंगेरीच्या मैदानाचा भाग असं सगळं ताब्यात आणलं, तोवर दर थोड्या वर्षांनी नवीन मुलूख, नवीन खंडणी. वाढणं थांबलं की हे गणित बसत नाही.

तटबंदी_प्रेमी:
गुलामांचं काय, पुरावा आहे की अंदाज?

मोरावाकाठ:
लेखी आहे. राफेलश्टेटनची जकातीची सनद, साधारण ९०३ ते ९०६ मधली, डॅन्यूबवर कोणत्या मालावर किती जकात ते सांगते. त्यात गुलाम आहेत, मेण आहे, घोडे आहेत, आणि मिठाच्या होड्या घेऊन 'मोराव्हियनांच्या बाजाराला' जाणाऱ्यांसाठी वेगळं कलम. आणि एक जास्त बोचणारं उदाहरण म्हणजे ८८५ मध्ये मेथोडियस गेल्यावर त्याच्या शिष्यांना हाकलून दिलं, त्यातल्या काहींना चक्क विकलं. व्हेनिसच्या बाजारात बायझंटाइन सम्राटाच्या माणसाने ते ओळखले आणि विकत घेऊन सोडवले. ज्या राजवटीने पाहुणे म्हणून बोलावलं तिनेच वीस-बावीस वर्षांनी ही गत केली.

मिठावरून आठवलं, ८९२ मध्ये पूर्व फ्रँकांचा तेव्हाचा राजा आर्नुल्फ याने बल्गेरियाला निरोप पाठवला की मोराव्हियनांना मीठ विकू नका. लढाईत हरवता येईना तर मीठ बंद करा.

खंबीर:
एवढं सगळं कशाला, मग्यार लोकांनी जाळलं हे स्पष्ट आहे. तटाच्या ढिगाऱ्यात त्यांच्या पद्धतीची चपटी बाणाची टोकं सापडलीत. अजून काय पुरावा पाहिजे? उगाच 'आर्थिक कारणं' वगैरे आणायची फॅशन आहे हल्ली.

मोरावाकाठ:
बाण सापडलेत, नाकारत नाही, जळल्याच्या खुणाही आहेत. पण तारखा लावून बघा. ८९४ मध्ये स्वातोप्लुक मेला. ८९५ ला बोहेमियाचे सरदार आर्नुल्फकडे गेले, म्हणजे एका वर्षात एक मोठा प्रांत गेला. ८९८-८९९ मध्ये दोन मुलगे, दुसरा मोयमीर आणि दुसरा स्वातोप्लुक, एकमेकांवर फौजा घेऊन उठले आणि बव्हेरियनांनी धाकट्याची बाजू घेऊन देश उजाड केला. मग्यार ८९५-८९६ मध्ये शेजारी येऊन बसलेच होते, आणि गंमत अशी की ८९२ मध्ये आर्नुल्फनेच त्यांना मोराव्हियावर सोडलं होतं. ९०० साली बव्हेरियन बिशप पोपला पत्र लिहून ओरडतात की मोराव्हियनांनी मग्यारांना जवळ केलं, त्यांच्यासारखी डोकी भादरली. ९०१ मध्ये बव्हेरियन-मोराव्हियन तह. आणि ४ जुलै ९०७ ला प्रेसबुर्गच्या (आजचं ब्रातिस्लाव्हा) लढाईत मग्यारांनी बव्हेरियन फौज कापून काढली तेव्हा मोराव्हियनांचं नावसुद्धा कुठे नाही. म्हणजे तोवर खेळ आटोपला होता.

मग्यारांनी शेवटचा दणका दिला असेल. पण ८५५ मध्ये, ८६९ मध्ये, ८७२ मध्ये फ्रँकांनीही जाळपोळ केली होती, दर वेळी तट परत उभा राहिला. या वेळी कोणी उभा केला नाही, आणि मला त्याचं कारण शोधायचंय. तट बांधायला वेठीला धरणारा, धान्य आणवणारा, लुटीतला वाटा देणारा माणूसच राहिला नव्हता. उरलेल्या माणसाला पाण्यात राहायचं कारण काय? तो आपला कोरड्या जमिनीवर शेताजवळ गेला.

खंबीर:
म्हणजे शेवटी मग्यारच ना. तुमचं सगळं वाचलं, पण तट पाडला कोणी या प्रश्नाला उत्तर तेच राहतं. असो, मतभेद असू देत.

सावली:
मला वाटलं होतं पुरामुळे सोडलं असेल. फोटोत जंगल एवढं ओलं दिसतं. हवामान बदलाचा काही संबंध?

मोरावाकाठ:
क्रम उलटा आहे. नवव्या शतकात तो भाग आजच्यापेक्षा कोरडा होता, म्हणूनच तिथे राहता आलं. वरच्या खोऱ्यात जंगलतोड आणि नांगरट वाढली तशी नदीत माती यायला लागली आणि मोठे पूर येऊन गाळाचा जाड थर बसला, तो मुख्यतः तेराव्या शतकापासून पुढचा. तोवर किल्ला संपून तीनेकशे वर्षं झाली होती. छोटी वस्ती मात्र मधल्या काळातही आजूबाजूला चालू होती, एकदम माणूस नाहीसा झाला असं नाही. नदीने तिलाही शेवटी उठवलं असणार.

उलट या गाळाचे उपकार माना. पुलांची लाकडं, होड्या, लाकडी भांडी हे सगळं ओल्यात राहिलं म्हणून टिकलं. विसाव्या शतकात नदी सरळ केली आणि भूजल खाली गेलं, आता जे अजून खोदलेलं नाही ते लाकूड जमिनीतच सुकण्याची भीती आहे.

दगडफोड्या:
चर्चच्या भिंती कुठे गेल्या मग? दगड तर कुजत नाही.

मोरावाकाठ:
चोरल्या, दुसरं काय. बांधकामाला दगड जवळपास नाही म्हटलं ना, मग फुकटची खाण कोण सोडतंय. कितीतरी ठिकाणी पायातला दगडसुद्धा उपसून नेला, पुरातत्त्ववाल्यांना पायाच्या रिकाम्या चरावरून आराखडा काढावा लागला. नदीपलीकडे कोपचानीला, स्लोव्हाकियात, सेंट मार्गारेटचं छोटंसं चर्च त्याच जुन्या काळातलं उभं आहे, शेतात एकटंच. ते बघितलं की इकडची कशी दिसत असतील ते थोडं कळतं.

चहाबाज:
हा भाग कोणाचा मानतात, झेक की स्लोव्हाक? भांडण असणारच.

मोरावाकाठ:
असणारच! २०१० मध्ये ब्रातिस्लाव्हाच्या किल्ल्यात स्वातोप्लुकचा घोड्यावरचा पुतळा बसवला आणि त्याला 'जुन्या स्लोव्हाकांचा राजा' म्हटलं, त्यावरून तिथल्याच इतिहासकारांनी डोक्याला हात लावला, नवव्या शतकात स्लोव्हाक कुठून आणले म्हणून. ५ जुलैला दोन्ही देशांत सिरिल-मेथोडियसची सुट्टी असते. कम्युनिस्ट काळात 'स्लाव्हांचं पहिलं राज्य' म्हणून उत्खननाला भरपूर पैसा मिळाला, १९६२ मध्ये राष्ट्रीय स्मारक झालं, त्या उत्साहात पोउलीकच्या काळात भराभर मोठमोठे भाग उघडले. आज तसं कोणी खोदणार नाही. पण तेव्हा खोदलं म्हणून आपण हे बोलतोय.

खंबीर:
इम्रे बोबा म्हणून होते, त्यांनी १९७१ मध्ये मांडलं की हा मोराव्हिया इथे नव्हताच, तो दक्षिणेला, आजच्या सर्बियात सिर्मियमच्या बाजूला होता. त्याचं काय?

मोरावाकाठ:
चांगला मुद्दा काढलात. बोबांनी कागदपत्रांवरून प्रश्न उभे केले आणि त्यातले काही खरंच अडचणीचे आहेत, विशेषतः मेथोडियसचा सिर्मियमशी जोडलेला बिशपचा हुद्दा. पण मग मोरावाकाठची ही इतकी चर्च, ही थडगी, हा तट कोणाचा? त्याच काळात, त्याच सीमेवर दुसरं एक निनावी बलाढ्य राज्य मानावं लागतं. म्हणून बहुतेकांनी ते स्वीकारलं नाही, मीही नाही.

वरी_तांदूळ:
मेथोडियसची समाधी मिळाली का? कुठेतरी वाचलं होतं की मिकुल्चित्सेलाच आहे.

मोरावाकाठ:
नाही मिळाली. जुन्या चरित्रात लिहिलंय की मोराव्हियाच्या मोठ्या चर्चमध्ये, डाव्या बाजूला, देवाच्या आईच्या वेदीमागे भिंतीत पुरलं. मिकुल्चित्सेचं ते सगळ्यात मोठं चर्च (बॅसिलिका) आणि उहेर्स्के ह्रादिश्त्येजवळचं सादी हे दोन मुख्य दावेदार. प्रत्येक गावाला तो आपल्याकडे हवाय, बिशप मिळाला की पर्यटक आलेच.

दगडफोड्या:
सापडलेल्या वस्तू कुठे बघायला मिळतात? जाणार आहे ऑक्टोबरात.

मोरावाकाठ:
ब्रनोच्या मोराव्हियन म्युझियममध्ये आणि साइटवरच्या प्रदर्शनात. पण एक वाईट गोष्ट सांगून ठेवतो, सप्टेंबर २००७ मध्ये साइटवरच्या संशोधन केंद्राला आग लागली आणि वस्तू, नोंदी, कागद असं बरंच जळालं. नंतर नवीन इमारत झाली पण पन्नास वर्षांच्या कामाच्या काही नोंदी गेल्या त्या गेल्या, काही मोजमापं आता परत करताच येणार नाहीत.

जायचं तर ब्रनोहून ब्रेत्स्लावमार्गे होदोनीनपर्यंत ट्रेन, पुढे बस किंवा सायकल. गावापासून साइट बरीच आत जंगलाकडे आहे, चालायची तयारी ठेवा. आच्छादनाखाली 'चर्च क्र. २'चे पाये आणि थडगी ठेवलीत ते नक्की बघा. आणि डास! उन्हाळ्यात जात असाल तर मलम घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका, ऑक्टोबरात बरं असेल. मोरावावर आता पायी आणि सायकलने जाता येईल असा पूल झालाय, त्यामुळे त्याच दिवशी पलीकडे कोपचानी करता येतं.

सावली:
आणि वेळ असेल तर पोहान्स्को पण करा, ब्रेत्स्लावच्या अगदी जवळ, तेही त्याच काळातलं. मी गेले होते तेव्हा प्रदर्शन बंद होतं पण तटाचा बांध आणि जंगल बघितलं. २०१७ ला तिथून जवळच लानीला हाडावर कोरलेली रून अक्षरं (जर्मॅनिक लोकांची जुनी लिपी) सापडली, साधारण ६०० सालच्या आसपासची, तीही स्लाव्ह वस्तीत.

मोरावाकाठ:
अरे हो, ते राहिलंच लिहायचं. त्यावर वेगळा धागा काढ सावली, मी येतो भांडायला.

चहाबाज:
पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. आणि खंबीर साहेबांनाही बोलवा, त्यांच्याशिवाय मजा नाही.